नासाडी पाहवत नाही म्हणून

फलटणपासून कराडपर्यंतच्या पट्ट्यात ऊसतोडणी संपली की रानात पाचटाचा जाड थर उरतो. वाळलेली, कडांना धार असलेली ही पाने गुरे खात नाहीत. ती लवकर कुजत नाहीत आणि पुढच्या मशागतीला अडतात. मग शेतकरी काडी लावतो. हेक्टरी आठ-दहा टन पाला बघता बघता धूर होऊन जातो. लाखो लोकांनी वर्षानुवर्षे हे पाहिले आहे. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनीही पाहिले, पण त्यांना त्या आगीत इंधन दिसले. १९९६ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेत त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाचटाचा कोळसा करण्याची साधी भट्टी विकसित केली. पाचट बंद पिंपांत भरायचे, पिंपे बाहेरून तापवायची आणि आतून निघणारा ज्वलनशील वायू त्याच भट्टीत जाळायचा. पिंपात हवा नसल्यामुळे पाचटाची राख होत नाही, कोळसा होतो. त्याची भुकटी खळीत मळून कांड्या पाडल्या की चुलीसाठी फारसा धूर न करणारे इंधन तयार. या कामाला २००२ मध्ये लंडनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. २००६ मध्ये तोच पुरस्कार ‘आरती’ला पुन्हा मिळाला. या वेळी तो शेणाऐवजी खरकट्यावर आणि पिष्टमय टाकाऊ पदार्थांवर चालणाऱ्या घरगुती बायोगॅस संयंत्रासाठी होता.

एकच नासाडी हजारो लोक रोज पाहतात. मग त्यातल्या एखाद्यालाच तिच्यातून काही उभे करावे असे का वाटते? नेहमीचा, चालणारा, ओळखीचा धंदा सोडून कुणी कचरा, वारा, ठिबकच्या नळ्या किंवा सौरदिवे यांत पैसा आणि उमेदीची वर्षे का घालते? या प्रश्नाचे एक उत्तर आपल्या ओठांवर असते: निसर्गावरचे प्रेम. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. निसर्गावर प्रेम करणारी माणसे पुष्कळ असतात. त्यांच्यातून चळवळी उभ्या राहतात, संस्था चालतात आणि ते काम मोलाचेच असते. धंदा मात्र बहुतेक वेळा तिथून सुरू होत नाही. तो सुरू होतो एखाद्या ठरावीक नासाडीशी झालेल्या जवळच्या ओळखीतून. आपल्याच हातातल्या कामात, आपल्याच शेतात, आपल्याच कारखान्यात काहीतरी वाया जाते आहे आणि ते आता पाहवत नाही, या जाणिवेतून.

अभ्यासक काय सांगतात

न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठातल्या जोडियन कर्कवुड आणि सारा वॉल्टन या दोघींनी नेमका हाच प्रश्न अभ्यासाला घेतला. पर्यावरणस्नेही व्यवसाय सुरू करणाऱ्या १४ उद्योजकांच्या अभ्यासावरचा त्यांचा शोधनिबंध २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना पाच कारणे आढळली: पर्यावरणाविषयीची मूल्ये, चरितार्थ, कामाची ओढ, स्वतःचा मालक स्वतः असण्याची इच्छा आणि बाजारात दिसलेली मोकळी जागा. यातली शेवटची चार कारणे किराणा दुकान काढणाऱ्यालाही लागू पडतात. वेगळे आहे ते फक्त पहिले. पैशाचा विचार या उद्योजकांनीही केला होता, पण श्रीमंत व्हावे यापेक्षा या कामावर आपले घर चालावे, असा त्याचा सूर होता.

त्याआधी, २००२ मध्ये, ब्रिटनमधल्या लिझ वॉली आणि डेव्हिड टेलर यांनी अशा उद्योजकांचे चार प्रकार मांडले. काहींना नव्या नियमांत आणि नव्या मागणीत संधी दिसते. काहींना जगाची रीतच बदलायची असते. काही जण मित्रांच्या, आप्तांच्या आणि स्वतःच्या आयुष्यातल्या अनुभवांमुळे चाकोरीबाहेरचा, सचोटीचा छोटा धंदा निवडतात. आणि काही जण निव्वळ योगायोगाने या वाटेला लागतात. वॉली आणि टेलर यांनी आणखी एक गोष्ट ठासून सांगितली. माणसाच्या मनातली प्रेरणा आणि त्याच्याभोवतीची परिस्थिती, म्हणजे कायदे, बाजार, शिक्षण, ओळखीची माणसे, या दोन्ही एकमेकींना घडवत असतात. नुसते मन पाहून उत्तर मिळत नाही.

प्रत्यक्षातल्या माणसांकडे पाहिले की हे प्रकार एकमेकांत मिसळलेले दिसतात. एकाच माणसाच्या आयुष्यात आज गरज पुढे असते, उद्या मूल्य, परवा संधी.

आपल्याच हातचे व्रण

इव्हॉन शुईनार हा अमेरिकेतला गिर्यारोहक. १९५७ च्या सुमाराला तो स्वतःच लोहारकाम शिकला आणि कड्याच्या भेगांत ठोकायच्या पोलादी मेखा बनवू लागला. आधीच्या मऊ लोखंडी मेखा एकदा ठोकल्या की तिथेच राहत. शुईनारच्या मेखा काढून पुन्हा वापरता येत. १९७० पर्यंत त्याची कंपनी अमेरिकेत गिर्यारोहणाच्या साहित्याची सर्वांत मोठी पुरवठादार झाली होती आणि तिचा बहुतांश धंदा या मेखांवर चालत होता. पण योसेमिटीतल्या एल कॅपिटन या विख्यात कड्यावर त्याला दिसले, की पुन्हा पुन्हा ठोकल्या-काढल्या जाणाऱ्या मेखांनी भेगा फुटत आहेत, खडक विद्रूप होतो आहे. ज्या कड्यांवर त्याचे प्रेम होते, त्यांना त्याचाच माल खात होता.

त्याने आणि त्याचा भागीदार टॉम फ्रॉस्ट याने मेखांचा धंदा आवरायचे ठरवले. १९७२ च्या त्यांच्या मालाच्या यादीत न ठोकता, हातानेच भेगेत अडकवायच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पाचरी आल्या, आणि कड्याला इजा न करता कसे चढावे हे समजावणारा मोठा लेखही आला. काही महिन्यांतच मेखांची विक्री घसरली आणि पाचरींची मागणी वाढली. पुढे शुईनारने पॅटागोनिया ही कपड्यांची कंपनी काढली. १९८८ मध्ये बोस्टनच्या दुकानातल्या कर्मचाऱ्यांची डोकी दुखू लागली, तेव्हा सुती कपड्यांवरच्या फॉर्मल्डिहाइडपर्यंत शोध पोहोचला. तिथून कापसाच्या शेतीत वापरल्या जाणाऱ्या विषारी रसायनांचा विषय पुढे आला. १९९६ मध्ये कंपनीने सारा सुती माल सेंद्रिय कापसाचाच बनवायला सुरुवात केली.

या दोन्ही निर्णयांत मला एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शुईनारला पृथ्वीवरचे सगळे अन्याय दूर करायचे नव्हते. आपल्या मालाने कोणत्या दगडाला भेग पडते आणि कोणाचे डोके दुखते, एवढे त्याला कळले होते. नुकसानाला ठिकाण मिळाले, कारण मिळाले, आणि कारागिराला त्यावर उपाय शोधता आला.

आपल्याकडेही अशी उदाहरणे आहेत. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर यांना जिम कॉर्बेट राष्ट्रीय उद्यानात हरणाच्या तोंडी प्लास्टिक दिसले. त्यानंतर त्यांनी आणि शिरीष फडतरे यांनी घरच्या प्रेशर कुकरमध्ये प्लास्टिक तापवून काय होते ते पाहायला सुरुवात केली. प्लास्टिक मुळात खनिज तेलापासूनच बनते. हवेशिवाय तापवले तर त्याच्या लांब साखळ्या तुटून पुन्हा तेलासारखे द्रव मिळू शकते. या प्रयोगांतून ‘रुद्र एन्व्हायर्नमेंटल सोल्युशन्स’ उभी राहिली आणि लोकांच्या घरांतून वेगळे केलेले प्लास्टिक गोळा करून त्यापासून इंधन बनवू लागली. हळहळ अनेकांना वाटते. इथे त्या हळहळीला लगेच एक प्रयोग सापडला, म्हणून ती विरली नाही.

गरज नावाची गुरू

तुळशी तंती हे सूरतचे कापड उद्योजक. त्यांच्या सूत कारखान्याला वीज महाग पडत होती आणि तिचा भरवसाही नव्हता. नफ्याचा मोठा भाग वीजबिलात जात होता. १९९० मध्ये त्यांनी दोन पवनचक्क्या घेतल्या. हेतू एवढाच होता की कारखान्याची वीज आपणच तयार करावी. पण पवनचक्क्या चालवताना त्यांना कळले, की आपल्याकडे यंत्र विकणारा एक, जागा शोधणारा दुसरा, दुरुस्ती करणारा तिसरा, आणि यातला कुणीच पूर्ण जबाबदारी घेत नाही. ही अडचण इतर कारखानदारांनाही भेडसावत असणार, या हिशेबाने १९९५ मध्ये सुझलॉन सुरू झाली. पुढे तिचे मुख्यालय पुण्यात आले आणि कोयना जलाशयाजवळच्या वनकुसवडेच्या पठारावर तिची पाती फिरू लागली. हवामानबदलाविषयी तंती पुढे जगभर तळमळीने बोलले. पण सुरुवात बिलातून झाली होती आणि त्यात काही कमीपणा नाही.

डेन्मार्कमध्ये संपूर्ण देशाच्या बाबतीत असेच घडले. १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी त्या देशाची ऊर्जा जवळजवळ सगळी आयात तेलावर अवलंबून होती. संकटानंतर ख्रिश्चन रिसेगर नावाच्या सुताराने आपल्या आवारात पवनचक्की उभारून तिची वीज सार्वजनिक जाळ्याला जोडली. हेन्रिक स्टिसडाल या तरुणाने एका लोहाराच्या मदतीने तयार केलेला आराखडा १९७९ मध्ये शेतीसाहित्य बनवणाऱ्या वेस्टास कंपनीने घेतला. त्याच वर्षी डॅनिश सरकारने पवनचक्की घेणाऱ्याला किमतीच्या ३० टक्के अनुदान सुरू केले. सुतार, लोहार, शेतकरी आणि सरकार यांनी मिळून एक जागतिक उद्योग घडवला. त्यात आदर्शवाद होता, आणि तेल संपले तर घर गरम कसे ठेवायचे ही साधी काळजीही होती.

ब्रिटनमध्ये अनिता रॉडिक यांनी १९७६ मध्ये ब्रायटनला ‘बॉडी शॉप’चे पहिले दुकान काढले, तेव्हा त्यांचे पती गॉर्डन घोड्यावरून लांबच्या प्रवासाला निघाले होते आणि त्यांना दोन मुलींसह घर चालवायचे होते. बाटल्या पुरेशा घेण्याइतके पैसे नव्हते, म्हणून गिऱ्हाइकांनी रिकामी बाटली परत आणावी आणि भरून न्यावी असे ठरले. दुकानाचा हिरवा रंगही भिंतींवरची ओल लपवण्यासाठी निवडला होता, हे त्यांनीच पुढे सांगितले. युद्धकाळातली काटकसर त्यांनी आपल्या आईच्या घरात पाहिली होती. तिच्यातून आलेली ही सवय मग कंपनीचे तत्त्व झाली. प्राण्यांवरील चाचण्यांना विरोध, आदिवासी समूहांशी थेट व्यापार या गोष्टी त्यावर उभ्या राहिल्या. वॉली आणि टेलर ज्याला योगायोग म्हणतात तो असा असतो. गरजेने दार उघडले आणि आत गेल्यावर मूल्यांनी घर बांधले.

बाजाराला न दिसणारे गिऱ्हाईक

अर्थशास्त्रात एक जुना विचार आहे. इंग्लंडच्या आर्थर पिगू यांनी १९२० मध्ये तो नीट मांडला. कारखान्याच्या धुराने शेजाऱ्याचे कपडे काळे होतात, पण तो खर्च कारखानदाराच्या वहीत येत नाही. जो खर्च दुसऱ्याच्या माथी मारता येतो, तो कमी करायची घाई कुणाला नसते. म्हणूनच नदीत सांडपाणी सोडणे स्वस्त असते आणि ते शुद्ध करणे महाग. २००७ च्या सुमारास काही अभ्यासकांनी याच विचाराची दुसरी बाजू पुढे आणली. बाजार जिथे चुकतो, तिथे काहीतरी वाया जात असते, आणि ती चूक दुरुस्त करणाऱ्याला तिथे धंदाही मिळू शकतो.

जळगाव जिल्ह्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन हे याचे ठळक उदाहरण. वाणिज्य आणि कायद्याचे शिक्षण घेतल्यावर सरकारी नोकरीची वाट सोडून त्यांनी १९६३ मध्ये घरच्या सात हजार रुपयांच्या शिलकीवर रॉकेल विकायला सुरुवात केली. पुढे बियाणे, खते, ट्रॅक्टर, पाइप असा शेतीमालाचा व्यापार वाढत गेला. १९७८ मध्ये पपईच्या चिकापासून पपेन काढण्याचा कारखाना आला, १९८० मध्ये पीव्हीसी पाइपांचा. या सगळ्या काळात त्यांचा मुख्य संबंध एकाच माणसाशी होता: खानदेशातल्या शेतकऱ्याशी. विहिरी खोल जात होत्या आणि केळीच्या बागांना पाटाने सोडलेले पाणी जितके पिकाला लागे, त्याहून जास्त उडून आणि झिरपून जात होते. ठिबक सिंचनाचे तंत्र इस्रायलमध्ये आधीच विकसित झाले होते. जैन यांनी ते भारतातल्या लहान शेतात, लहान खिशात बसेल अशा रीतीने आणले, आणि नळ्यांसोबत शेतकऱ्याला मार्गदर्शनही दिले. ठिबकने पिकानुसार तिसरा हिस्सा ते निम्मे पाणी वाचते आणि खतही थेट मुळाशी जाते. नंतर ऊतीसंवर्धित केळीच्या रोपांनी या तंत्राला जोड दिली. पाण्याची नासाडी त्यांना दिसली, कारण ते शेतकऱ्याच्या बांधावर वर्षानुवर्षे उभे होते.

कर्नाटकात हरीश हांडे यांनी १९९५ मध्ये ‘सेल्को’ सुरू केली ती एका ठाम गृहीतकाला विरोध करण्यासाठी. गरिबाला सौरऊर्जा परवडत नाही, तो ती सांभाळू शकत नाही, आणि गरिबांसाठीचा धंदा फायद्यात चालत नाही, असे सगळे मानत होते. डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या खेड्यांत गरीब घरे सौरदिवे वापरताना त्यांनी पाहिली होती. भारतात त्यांनी यंत्राइतकाच पैशाचा प्रश्न सोडवला. फेरीवाल्याची कमाई रोजची असते, त्यामुळे महिन्याचा हप्ता त्याला जड जातो आणि रोजचा छोटा हप्ता झेपतो. शेतकऱ्याची कमाई हंगामाची असते. कर्जाचा हप्ता कमाईच्या चालीने बांधला तर तेच यंत्र परवडू लागते. त्यासाठी त्यांनी ग्रामीण बँकांना पटवले. २०११ मध्ये त्यांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. रॉकेलच्या चिमणीवर खर्च होणारा पैसा, धुराने होणारा खोकला आणि मुलांचा बुडणारा अभ्यास ही नासाडी त्यांनी दिव्याच्या किमतीत धरली होती.

चरितार्थ हीदेखील प्रेरणा

हरित उद्योग म्हटले की आपल्याला शिकलेला, प्रवास केलेला, इंग्रजी बोलणारा तरुण दिसतो. ही समजूत मोडून काढली पाहिजे. शहरातल्या कचऱ्याचा सर्वांत मोठा पुनर्वापर गेली अनेक दशके कचरावेचक करत आले आहेत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत स्थापन झाली. तिच्या सदस्यांत बहुसंख्य दलित स्त्रिया होत्या. उकिरड्यातून भंगार वेचून जगणाऱ्या या बायकांनी ओळखपत्रे मिळवली, आपल्या श्रमाने शहराचा किती खर्च वाचतो याचा हिशेब मांडला आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी केली. २००८ पासून पुणे महापालिकेशी करार करून ती घरोघर कचरा गोळा करते. तीन हजारांहून अधिक सभासदांना घरांकडून मिळणारे शुल्क आणि सुका कचरा विकून येणारे पैसे अशी दुहेरी कमाई मिळते.

या स्त्रियांना उद्योजक म्हणायला अनेक जण तयार नसतात. पण त्या मालाची पारख करतात, भाव ठरवतात, जोखीम घेतात आणि ग्राहक सांभाळतात. प्लास्टिकचे कोणते प्रकार भंगारवाला घेतो आणि कोणते फेकावे लागतात, हे त्यांच्याइतके कुणालाच ठाऊक नसते. त्यांची प्रेरणा पोट आणि प्रतिष्ठा ही आहे. वर्गीकरण करताना हातात येणाऱ्या वापरलेल्या सॅनिटरी पॅडचा प्रश्नही त्यांनीच आधी लावून धरला. पुढे पुण्यात पॅडकेअर लॅब्जसारख्या नव्या कंपन्यांनी पॅडमधला सेल्युलोज आणि प्लास्टिक वेगळे करण्याचे तंत्र आणले. नासाडी जवळून पाहणाऱ्यांनी प्रश्न समोर ठेवला, म्हणूनच तो सोडवण्याचा धंदा होऊ शकला.

कायदा वाट अडवतो, वाट दाखवतोही

मनात कितीही उमेद असली तरी एक चुकीचा नियम ती विझवू शकतो. १९२७ च्या भारतीय वन कायद्यात बांबूची गणना झाडांत होत होती. शास्त्रीय दृष्टीने बांबू हे गवत आहे. ते भराभर वाढते आणि कापल्यावर पुन्हा फुटते. पण कायद्यामुळे अनेक ठिकाणी खासगी जमिनीवरचा बांबू तोडायला आणि वाहून न्यायलाही परवानगीची कटकट होती. कोकणात, कुडाळला, २००४ पासून ‘कॉनबॅक’ ही संस्था बांबूपासून फर्निचर आणि इमारती उभारण्याचे काम करते आहे. अशा कामाला कच्चा माल बिनधोक मिळणे ही पहिली अट असते. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम काढून जंगलाबाहेर वाढणाऱ्या बांबूला झाडांच्या व्याख्येतून वगळण्यात आले, तेव्हा शेतकऱ्याला बांबू पीक म्हणून लावण्याचे कारण मिळाले. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला तर सामूहिक वनहक्क मिळाल्यावरही बांबूच्या वाहतूक परवान्याचे अधिकार हाती येण्यासाठी २०११ पर्यंत झगडावे लागले. ते मिळाल्यावर ग्रामसभेने स्वतः बांबू विकला आणि त्या पैशातून गावाला रोजगार दिला.

नियम उलट दिशेनेही काम करतात. २०१८ मध्ये महाराष्ट्राने प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आणली आणि कापडी पिशव्या शिवणाऱ्या कितीतरी बचतगटांना बाजार दिसू लागला. पॅकिंगचे प्लास्टिक परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकणाऱ्या नियमांमुळे पुनर्वापराच्या धंद्याला ठरावीक गिऱ्हाईक मिळाले. पुण्याच्या प्रमोद चौधरी यांनी १९८३ मध्ये इथेनॉलसाठी लागणारे तंत्र पुरवणारी ‘प्राज’ ही कंपनी सुरू केली, तेव्हा पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम नव्हता. तो आल्यानंतर, आणि विशेषतः २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठरल्यानंतर, या क्षेत्राचा विस्तार झाला. धोरण यायच्या आधी कुणीतरी तंत्र जिवंत ठेवलेले असावे लागते आणि तंत्राला टिकायला धोरण यावे लागते.

चांगला हेतू आणि कडक हिशेब

इथे एक सावधगिरी सांगितलीच पाहिजे. चांगला हेतू असला म्हणजे धंदा चालतो असे नाही, आणि धंदा चालला म्हणजे निसर्गाचे भले झाले असेही नाही.

सुझलॉनने परदेशांत मोठ्या कंपन्या विकत घेतल्या, कर्ज वाढले आणि २०१२ मध्ये ती परकीय चलनातले रोखे मुदतीत फेडू शकली नाही. वारा स्वच्छ असला तरी व्याज थांबत नाही. ठिबकने वाचलेले पाणी कुठे जाते हाही प्रश्न आहे. वाचलेल्या पाण्यावर शेतकऱ्याने आणखी जास्त पाणी पिणारे पीक लावले, तर भूजलाची पातळी तशीच खाली जाते. म्हणून नळीसोबत पाण्याच्या वाटपाचा नियमही लागतो.

साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पवनचक्क्यांच्या परिसरात शिकारी पक्ष्यांचे प्रमाण जवळजवळ चौपट कमी होते. शिकारी कमी झाल्यामुळे तिथे सरड्यांची संख्या वाढली होती, त्यांची भीती कमी झाली होती आणि त्यांच्या अंगावरचे रंगही फिकट झाले होते. पवनचक्क्या नकोत असा याचा अर्थ नाही. त्या कुठे लावायच्या हे पक्ष्यांना आणि पठारांना विचारून ठरवायला हवे, हा त्याचा अर्थ आहे. हरित उद्योजकाने आपल्या कामातून होणारी नासाडीही तितक्याच बारकाईने शोधली पाहिजे, जितकी त्याने इतरांची शोधली होती.

यशानंतर प्रेरणा टिकवणे ही वेगळी परीक्षा असते. ‘बॉडी शॉप’ २००६ मध्ये लॉरियल या बड्या सौंदर्यप्रसाधन कंपनीला विकली गेली आणि तिच्या जुन्या चाहत्यांना ते खटकले. शुईनारने २०२२ मध्ये वेगळा मार्ग घेतला. पॅटागोनियावरची कुटुंबाची मालकी एका विश्वस्त निधीला आणि पर्यावरणकार्य करणाऱ्या संस्थेला दिली. धंद्यात न गुंतवलेला नफा निसर्गरक्षणाला जावा, अशी कायमची तजवीज केली. संस्थापकाचे मन कधीही बदलू शकते, पण घटनेत आणि करारात लिहिलेले सहजासहजी बदलत नाही. मूल्ये टिकवायची असतील तर ती कागदावर आणावी लागतात.

पुढची पिढी कशी घडेल

आपल्याला असे उद्योजक आणखी हवे असतील, तर तरुणांना भाषणे ऐकवून ते मिळणार नाहीत. ते नासाडीच्या जवळ गेले पाहिजेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने एक हंगाम साखर कारखान्याच्या मळीच्या टाक्यांपाशी काढावा. वाणिज्य शाखेच्या मुलीने बाजार समितीत संध्याकाळी किती टोमॅटो फेकले जातात ते मोजावे. वास्तुकलेच्या वर्गाने इमारत पाडताना निघणारा राडारोडा कुठे टाकला जातो ते पाहावे. कचरावेचकांकडून प्लास्टिकचे प्रकार शिकावेत. मोजलेली, हात लावून पाहिलेली, कारणासकट कळलेली नासाडी डोक्यात राहते आणि तिथे उपाय सुचतो.

पण सुचलेला उपाय धंदा व्हायला वेळ लागतो. हांडे यांना बँका पटवाव्या लागल्या. इथेनॉलच्या धोरणाची वाट प्राजला वर्षानुवर्षे पाहावी लागली. मेंढा-लेखाला परवान्यासाठी भांडावे लागले. ज्या बँका तारण पाहून कर्ज देतात, त्यांनी वाचणाऱ्या पाण्याचा, विजेचा आणि कचऱ्याचा हिशेबही परतफेडीच्या क्षमतेत धरावा. महापालिकांनी आणि सरकारी कचेऱ्यांनी पहिले गिऱ्हाईक व्हावे. पुनर्वापराचा कागद, बांबूचे फर्निचर आणि खरकट्यापासूनचा गॅस यांची पहिली ऑर्डर त्यांच्याकडून आली, तर कितीतरी लहान उद्योग पहिल्या दोन वर्षांत मरणार नाहीत. आणि ज्याने नासाडी केली त्याच्याच वहीत तिचा खर्च पडावा, एवढा कायदा कडक असावा.

धरणीवरचे प्रेम आपल्या समाजात कमी नाही. त्या प्रेमाला एखाद्या ठिकाणाशी, एखाद्या वस्तूशी, एखाद्या हिशेबाशी जोडून देणे हे काम बाकी आहे. ते जोडले गेले की साधा शेतकरी, कारागीर, कचरावेचक किंवा नुकता पदवीधर झालेला तरुण कुणाच्या सांगण्याची वाट न पाहता उद्योग उभारतो. त्याला पहिले कर्ज, पहिले गिऱ्हाईक आणि नियमाचा आधार मिळवून देण्याची जबाबदारी मात्र बँकांची, सरकारची आणि रोज काहीतरी विकत घेणाऱ्या आपणा सर्वांची आहे.